कॅसेटमामा

ख्रिस्ती मंडळीत काही माणसं नेमलेली असतात आणि काही आपोआप उगवतात. पाळक, वडील, खजिनदार, संडे स्कूलच्या बाई ही नेमलेली. उपदेश लांबला की घड्याळाकडे बघून मोठ्याने घसा खाकरणारे गृहस्थ हे उगवलेले. प्रीतिभोजनात 'आधी लहान मुलांना, आधी लहान मुलांना' असं ओरडत स्वतःचं ताट पातेल्यावर धरणारे, तेही उगवलेलेच. तिसरा उगवलेला म्हणजे जगातलं झाडून सगळं ख्रिस्ती संगीत ज्याच्या कपाटात आहे तो. नगरच्या आमच्या मंडळीत ही जागा मामांकडे आहे. ते नक्की कोणाचे मामा हे आता कोणालाच सांगता येत नाही. पोरं पाठीमागे 'कॅसेटमामा' म्हणतात, समोर नुसतं मामा.

मामांची सगळी नोकरी तार आणि टेलिफोन खात्यात गेली. तीस-पस्तीस वर्षं लोकांच्या लाईनवरची खरखर काढली, त्यामुळे देवाच्या घरी आले तरी कानाला आधी खरखरच ऐकू येते. उपासनेला बसतात ते डाव्या स्पीकरच्या बरोबर समोर. पाळकसाहेब म्हणतात, आपण प्रार्थना करू या. सगळ्यांचे डोळे मिटतात, मामांचे तेवढे उघडे असतात आणि मिक्सरवर बसलेल्या पोराला खुणा चालू असतात: ट्रेबल कमी, ट्रेबल कमी! त्या पोराला प्रार्थनेत डोळे मिटायची सवयच राहिलेली नाही.

रस्त्यात भेटलं आणि 'सलाम मामा' म्हटलं की तिकडून येतं, 'सलाम. काल काय ऐकलंस?' या प्रश्नाला बरोबर उत्तर नाही. काहीच ऐकलं नाही म्हणावं तर चेहरा पडतो. अमुक ऐकलं म्हणावं तर, 'ते रीमास्टर केलेलं. मूळचं ऐक.' मूळचं मागितलं तर मिळत नाही, कारण कपाटातली वस्तू उंबरा ओलांडत नाही. ऐकणाऱ्याने घरी यायचं, हात धुवायचे, खुर्चीत बसायचं आणि एक अख्खी बाजू ऐकून मगच चहाची अपेक्षा करायची. मध्ये बोलायचं नाही. मध्ये बोलायचा हक्क मामांचा.

कपाट गोदरेजचं, मामींच्या रुखवतात आलेलं. मामींच्या साड्या पलंगाखालच्या ट्रंकेत असतात. लॉकरमध्ये सोनं नाही, अरेथा फ्रँकलिनची दोन तबकड्यांची 'अमेझिंग ग्रेस' आहे. बाकी खण कॅसेटी, तबकड्या आणि सीड्यांनी भरलेले, मधूनमधून डांबरगोळ्या. माल कुठून कुठून जमवलेला. काही परत मायदेशी गेलेल्या मिशनऱ्यांच्या सामानातून, काही कुवेतला नर्स असलेल्या भाचीकडून. काही नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर रेडिओवरून टिपलेला. सेशेल्स बेटांवरून फेबा रेडिओ लागायचा तेव्हा मामा गच्चीवर तार बांधून बसायचे. त्या कॅसेटींत गाणं कमी आणि हिंदी महासागर जास्त ऐकू येतो.

सगळ्यात खालच्या खणात जिम रीव्हज. डिसेंबर उजाडला की नगर असो, वसई असो, नागपूर असो, ख्रिस्ती घराच्या खिडकीतून हा माणूस गायला लागतो. नाताळच्या बारा गाण्यांचा त्याचा अल्बम १९६३ चा. पुढच्याच वर्षी स्वतः चालवत असलेलं विमान कोसळून तो गेला. पण आमच्याकडे ही बातमी पोचूनही कोणी मनावर घेतलेली नाही. तो मामांच्या खालच्या खणात का, असं मी एकदा विचारलं.

"तो कलाकार नाही रे, नातेवाईक आहे," मामा म्हणाले. "नातेवाइकाला डोक्यावर बसवायचं नसतं आणि घराबाहेरही काढायचं नसतं."

त्याच खणात बोनी एम. पण त्यांच्यावर मामांचा राग आहे. १९७८ चं 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' म्हणजे १३७ वं स्तोत्र. देश गमावलेले बंदिवान नदीकाठी बसून रडताहेत, आणि आम्ही त्यावर अर्ध्या महाराष्ट्राच्या वराती नाचवल्या. एका लग्नात मामांनी भर रस्त्यात बँड थांबवला आणि नाचणाऱ्यांना बाबेलचा बंदिवास समजावून सांगितला. बँडमास्तरने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "मग नागिन वाजवू का?"

लग्नं हे मामांचं खास क्षेत्र. पंगतीत बसले की सिस्टर रोझेटा थार्पचं लग्न काढतात. ही बाई चर्चमध्ये इलेक्ट्रिक गिटार घेऊन गायची, तेही रॉक अँड रोलवाल्यांच्या पुष्कळ आधी. १९५१ च्या जुलैत वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ स्टेडियममध्ये तिचं लग्न लागलं. वीस हजारांवर माणूस, सगळे तिकीट काढून आलेले. नवरी लग्नाच्या पोशाखात गिटार वाजवते आहे, आणि त्या सगळ्या सोहळ्याची डेका कंपनीने रेकॉर्ड काढली. "मैदान आधी ठरलं, नवरा नंतर ठरला," मामा पानातला जिलेबीचा तुकडा बोटाने हलवत सांगतात. आणि हे खरं आहे: आयोजकांशी करार झाला तेव्हा वराचा पत्ता नव्हता. हे लग्न तिचं तिसरं होतं, एवढं मात्र मामा वधूपक्षासमोर सांगत नाहीत. एकदा ही गोष्ट ऐकून मुलीच्या बापाने कॅटररच्या बिलाकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यावरून तिकिटाची कल्पना त्यांना पटली असावी.

कोणी अडचणीत आलं की मामा होमिओपॅथीच्या डॉक्टरसारखी आधी लक्षणं विचारतात आणि मग अल्बम देतात, म्हणजे ऐकवतात. बारावीला बसलेल्याला अँड्रे क्राउच. बदली रद्द होत नसेल तर ब्लाइंड बॉइज ऑफ अलाबामा, दोन दिवस, रात्री झोपताना. सासू-सुनेचं बिनसलं तर दोघींना वेगळं: सासूला टेनेसी एर्नी फोर्डची उपासनेची गीतं, सुनेला एमी ग्रांट, आणि दोन्ही एकाच वेळी वाजवायचं नाही. एल्व्हिसशिवाय काहीही न ऐकणाऱ्या मेहुण्यांना त्यांनी एका वाक्यात गप्प केलं. एल्व्हिसला स्पर्धेतून मिळालेले ग्रॅमी तीन, आणि तिन्ही गॉस्पेलसाठी. मेहुणे तेव्हापासून एल्व्हिसही ऐकेनात.

शोकाच्या घरी मात्र एकच मात्रा: टॉमस डॉर्सी. माझ्या माहितीतल्या एका घरी यजमान गेले तेव्हा मामा भेटायला आले, खुर्ची ओढून बसले आणि थेट शिकागोत गेले. हा डॉर्सी आधी 'जॉर्जिया टॉम' नावाने चावट ब्लूज वाजवायचा. मग देवाकडे वळला, पण बोटांतला ब्लूज काही वळला नाही. तीच चाल, तोच ठेका, वर देवाचं नाव. चांगल्या चांगल्या चर्चनी त्याला दाराबाहेर काढलं. १९३२ च्या ऑगस्टमध्ये तो सेंट लुईला गॉस्पेल सभेत होता. तिथे तार आली, बायको बाळंतपणात गेली. घरी पोचला, तर बाळही राहिलं नाही. त्या दुःखातून त्याने जे गाणं लिहिलं ते महालिया जॅक्सनने पुढे मार्टिन ल्यूथर किंगच्या अंत्यविधीत गायलं.

इथपर्यंत घरातली माणसं डोळे पुसत होती. इथेच थांबायचं. पण तार म्हटल्यावर मामांचं खातं जागं झालं. ती तार साधी असेल का अर्जंट, शिकागो ते सेंट लुई त्या काळी किती वेळ लागला असेल, सभेच्या जागी पोचवणाऱ्या माणसाला पत्ता कसा सापडला असेल, असा सगळा हिशेब झाला. चहा दोनदा गार झाला. शेवटी मामांनाच हुंदका आला आणि यजमानीणबाईंनी उठून त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "होईल हं सगळं ठीक, मामा," त्या म्हणाल्या.

मामांचं खरं शौर्य मात्र तरुण संघाने पाहिलं आहे. आमच्या तरुणपणी, वार्षिक मेळाव्यात मामांनी स्ट्रायपर लावला. चार लांबकेसी अमेरिकन पोरं, अंगाला चिकटलेले पिवळे-काळे पट्ट्यापट्ट्यांचे कपडे, हेवी मेटल. १९८६ च्या त्यांच्या अल्बमचं नाव 'टू हेल विथ द डेव्हिल'. देवळाच्या कौलांवरची कबुतरं उडाली. दुसऱ्या दिवशी वडिलांच्या सभेला मामांना पाचारण झालं. नावातला सैतान कोणाच्या कानावर पडला नव्हता, फक्त 'हेल' पडलं होतं. मामांनी समजावलं, नरकात आपण नाही जायचं, सैतानाला पाठवायचं आहे. एका वडिलांनी विचारलं, त्यासाठी एवढं ओरडायला कशाला लागतं? मामा म्हणाले, तो लांब आहे म्हणून.

मग कपडे निघाले. नावाचा आणि पट्ट्यांचा संबंध यशयाच्या ५३ व्या अध्यायातल्या पाचव्या वचनाशी आहे, ख्रिस्ताच्या अंगावरच्या वळांशी, असं मामांनी सांगितलं. सभा बुचकळ्यात पडली. वळ पिवळे-काळे कसे? तेव्हा मिशन दवाखान्यात कंपाउंडर राहिलेले एक वडील, जे सभेत सहसा बोलत नसत, म्हणाले, "आधी काळा पडतो, मग पिवळा. बरोबर आहे." मामा जिंकले होते. पण जिंकल्यावर गप्प बसणं त्यांना येत नाही. आनंदाच्या भरात ते म्हणाले, शिवाय ही पोरं कार्यक्रमात प्रेक्षकांत नवा करार फेकतात!

"फेकतात?" अध्यक्ष उभे राहिले.

त्या सभेच्या इतिवृत्तात ठराव आहे: तरुण संघाच्या कार्यक्रमात यापुढे नरकविषयक गाणी लावू नयेत. सूचक आणि अनुमोदक दोघेही आता प्रभूकडे आहेत, ठराव अजून लागू आहे.

एमी ग्रांटची भानगड त्यानंतरची. तिचा १९८२ चा 'एज टू एज' मंडळीतल्या सगळ्या मुलींना पाठ होता, तिच्याबद्दल कोणाला शंका नव्हती. पण १९९१ मध्ये तिचं 'बेबी बेबी' अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं आणि तिकडच्या भाविकांनाही वाटलं, बाई गेली हातची. आमच्या महिला मंडळाने मामांकडे खुलासा मागितला. मामांनी दिला: बेबी म्हणजे खरोखरच बाळ आहे, तिची तान्ही मुलगी, तिच्याकडे बघून शब्द सुचले. महिला मंडळाला हे फार आवडलं. पुढच्या महिन्यात एका बारशाला त्यांनी ते गाणं टाळ्यांसकट म्हटलं. ज्यांनी त्याचा व्हिडिओ पाहिला होता ते तरुण खाली मान घालून बसले होते. व्हिडिओत बाळ कुठेच नव्हतं.

अरेथाच्या अल्बमवर मामा बोलायला लागले की मी घड्याळ बघत नाही. १९७२ चा जानेवारी, लॉस एंजेलिसचं एक बाप्टिस्ट चर्च, दोन रात्री. सोलची राणी म्हणून जग जिला ओळखत होतं ती परत चर्चमध्ये गायला आली. पियानोवर रेव्हरंड जेम्स क्लीव्हलँड, मागे त्यांचा क्वायर, मागच्या बाकांवर कुठेतरी मिक जॅगर. दुसऱ्या रात्री तिचे वडील स्वतः हजर, तेही प्रसिद्ध उपदेशक. तिच्या सगळ्या अल्बमांत हाच सर्वांत जास्त खपला. सिडनी पोलॅकने सिनेमाही काढला होता, पण चित्रीकरणात पाटी वाजवायला विसरले. चित्र एकीकडे, आवाज एकीकडे, जुळेचना. तो पडद्यावर यायला २०१८ उजाडलं. "एक पाटी!" मामा मिक्सरवरच्या पोराकडे बघत म्हणतात. "एक पाटी नाही वाजवली, तर शेहेचाळीस वर्षं!" त्या पोराने काही केलेलं नसतं.

आमच्या क्वायरचीही एक कॅसेट आहे. एडविन हॉकिन्सच्या पोरांनी कॅलिफोर्नियातल्या एका चर्चमध्ये, साध्या यंत्रावर, निधी गोळा करायला एक तबकडी भरली आणि १९६९ मध्ये तिच्यातलं 'ओ हॅपी डे' जगभर वाजलं, हे मामांनी वडिलांना इतक्या वेळा ऐकवलं की कंटाळून परवानगी मिळाली. आमच्या कॅसेटमध्ये दुसऱ्या भजनात कुकरच्या तीन शिट्ट्या आहेत. शिलकीचे गठ्ठे वेस्ट्रीत आहेत, पावसाळ्यात दार उघडं राहावं म्हणून वापरतात.

इतका मोकळा माणूस. ब्लूज आला, दार उघडलं. गिटार आली, उघडलं. मेटल आलं, भर सभेत लढला. १९९७ मध्ये कर्क फ्रँकलिनने फंकाडेलिकच्या नाचाच्या गाण्याचा तुकडा उचलून त्यावर 'स्टॉम्प' उभं केलं, तेव्हा मामा आठवडाभर अस्वस्थ होते, पण घेतलं आत. आणि त्याच्यामागे दार लावून कडी घातली. अशा प्रत्येक माणसाचं एक साल असतं. त्या सालापर्यंतचं सगळं संगीत पवित्र आत्म्याने दिलेलं, पुढचं कंपन्यांनी. ऑस्ट्रेलियाच्या हिलसाँगचं काही लावलं की मामा बोटं मोजतात. "चार शब्द, सोळा वेळा." कानात यंत्र, यंत्रात टिकटिक, खाली पॅडचा अखंड गुंजारव, आणि डोळे मिटलेला पोरगा. "देवाला काय पहिल्यांदा ऐकू येत नाही?" फोनवरच्या गाण्यांना तर ते अल्बम मानतच नाहीत. कव्हर नाही, तबला कोणी वाजवला, बास कोणाचा, कुठल्या गावी भरलं, काही पत्ता नाही. या एका बाबतीत मी मामांच्या बाजूचा आहे. गाणाऱ्याचा फोटो नखाएवढा आणि वाजवणाऱ्यांचा उल्लेख नाहीच, ही सुधारणा मला कळलेली नाही.

तर मागच्या वर्षी कापणीच्या सणासाठी तरुण संघाने टिळकांचं एक भजन रॅपमध्ये बसवलं. टिळक म्हणजे नारायण वामन, आमच्या नगरचे. ते जन्माने कोकणातले, पण भजनं नगरची, असं आमचं ठाम मत. लेक्रे नावाच्या रॅपरचा 'अ‍ॅनॉमली' २०१४ मध्ये अमेरिकेच्या यादीत सगळ्या संगीतात पहिला आला, हे पोरांनी वडिलांच्या सभेला सांगितलं. वडिलांनी मामांकडे पाहिलं. पोरांनीही पाहिलं, जरा हसूनच, कारण आपला वकील हाच, याबद्दल कोणाला शंका नव्हती.

मामा उठले. "टिळकांच्या भजनाला हात लावायचा नाही," ते म्हणाले. "परकीय ठेका चालणार नाही."

सभेत इतकी शांतता झाली की पंख्याची कुरकुर ऐकू आली. मामांनाही ती आली असावी, कारण त्यांनी एकदा वर पाहिलं. मग संघाचा सेक्रेटरी, इंजिनिअरिंगचा पोरगा, हळूच म्हणाला, "मामा, डॉर्सीला चर्चबाहेर काढणाऱ्यांचं म्हणणं काय होतं?" मामा म्हणाले, ते वेगळं. कसं वेगळं? तो ब्लूज होता. आणि हे? हे माझ्या कानाला सहन होत नाही. आणि ते चार शब्द सोळा वेळा!

तेव्हा मागच्या बाकावरून आजी बोलल्या. नव्वदीच्या आहेत, त्यांना कोणी बोला म्हणावं लागत नाही. "भजनाचं ध्रुवपद किती वेळा म्हणतो रे आपण? मी मोजलंय एकदा, ढोलकीवाला थांबेना तेव्हा." मग त्यांनी सांगितलं की त्यांच्या आजीच्या वेळी गावच्या देवळात साहेबांच्या चालीवर मराठी शब्द बसवून गायचे. पहिल्यांदा तबला आत आला तेव्हा दोन म्हातारे उपासना सोडून उठून गेले होते, हा तमाशा आहे म्हणून. "त्यातला एक आमच्या घरातलाच," आजी म्हणाल्या. "पुढं तोच टाळ वाजवायचा. बेताल."

यावर मंडळीने तेच केलं जे ती दोनशे वर्षं करत आली आहे: उपसमिती नेमली. अध्यक्ष मामा.

पोरं मामांच्या घरी गेली. हात धुतले. डेकमध्ये पेनड्राइव्ह जाईना, मग मामांनीच टेलिफोनच्या जुन्या वायरीतून काहीतरी जोडून दिलं. आठ वेळा ऐकलं. मामींनी दोनदा पोहे केले. नवव्या वेळी मामांचा डावा पाय हलताना मामींनी पाहिला, असं त्यांचं म्हणणं आहे. मामांचं म्हणणं, मुंग्या आल्या होत्या.

उपसमितीच्या अहवालात रॅपबद्दल, ठेक्याबद्दल, परकीयपणाबद्दल चकार शब्द नाही. पोरं प्रोजेक्टरवर रोमन अक्षरांतलं मराठी वाचून गातात, त्यामुळे टिळकांचे सगळे 'ळ' 'ल' झाले आहेत, ते दुरुस्त करावेत. ट्रेबल कमी करावा. आणि गाण्याला छापील कव्हर असावं, त्यावर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची नावं असावीत, त्याशिवाय अध्यक्ष सही करणार नाहीत.

पोरांनी कव्हर केलं. सगळं आलं, फक्त बासपुढची जागा रिकामी. बास लॅपटॉपमधून आला होता. पोरांनी लॅपटॉपच्या कंपनीचं नाव घातलं. मामांनी ते खोडलं. ती कंपनी झाली, वाजवणारा कोण? कोणीच नाही, मामा. कोणीच नाही असं कसं, मला ऐकू येतोय की! यात कापणीचा सण होऊन गेला. शेवटी सेक्रेटरीने वैतागून तिथे स्वतःचं नाव लिहिलं आणि मामांची सही घेतली. आता नाताळचा कार्यक्रम जवळ आलाय. मामांनी जुन्या बाजारातून त्याच्यासाठी एक बास गिटार आणून ठेवली आहे आणि रोज संध्याकाळी फोन करून विचारतात, शिकायला कधी येतोस.